सरोगसीची फाईल: कोणता कागद आधी, कोणता नंतर

"मॅडम, बाई मिळाली आहे. आता पुढे काय?"

माझ्याकडे येणारी निम्मी जोडपी बसल्या बसल्या हेच वाक्य बोलतात. बाई आधी शोधलेली असते, क्लिनिकला पैसे भरलेले असतात, कधी कधी त्या बाईच्या तपासण्याही झालेल्या असतात. आणि हातात कागद म्हटला तर लग्नाचा दाखला आणि दोन आधार कार्डं. मग सहा महिन्यांनी कळतं की नवऱ्याचं वय निघून चाललंय, किंवा सरोगेट बाईला पस्तिसावं संपत आलंय, किंवा कोर्टात दिलेलं नाव आणि विम्यातलं नाव जुळत नाही.

सरोगसीत, म्हणजे दुसऱ्या बाईने (सरोगेटने) जोडप्याचं बाळ आपल्या पोटात वाढवून देण्यात, अवघड काय असेल तर क्रम. डॉक्टरी भाग डॉक्टर सांभाळतात. कागदांचा क्रम मात्र तुम्हालाच सांभाळावा लागतो, कारण प्रत्येक कागदाचं घड्याळ वेगळं चालतं. सरोगसी (विनियमन) अधिनियम, 2021 हा कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. नियम जून 2022 मध्ये आले, त्यात 2023 आणि 2024 मध्ये बदल झाले. इंटरनेटवर आणि नातेवाइकांच्या तोंडी फिरणारी बरीच माहिती त्याआधीची, नाहीतर नुसत्या विधेयकातली असते. तिच्यावर विसंबू नका.

## 1. आधी दार तपासा: तुम्ही पात्र आहात का?

लग्न झालेलं जोडपं: बायको 23 ते 50 वर्षं, नवरा 26 ते 55 वर्षं. एकट्या स्त्रीला परवानगी आहे, पण ती विधवा किंवा घटस्फोटित हवी आणि वय 35 ते 45. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लग्नाशिवाय एकत्र राहणारी किंवा समलिंगी जोडपी यांना आजच्या कायद्यात हा मार्ग बंद आहे. ते योग्य की अयोग्य यावर माझं मत आहे, पण ते मांडायची ही जागा नाही.

आधीचं हयात मूल नसावं. स्वतःचं, दत्तक किंवा आधीच्या सरोगसीतून झालेलं, कोणतंही. मूल मतिमंद किंवा दिव्यांग असेल, किंवा त्याला कायमचा इलाज नसलेला जीवघेणा आजार असेल तर अपवाद आहे, पण त्यासाठी जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र आणि समुचित प्राधिकाऱ्याची (सरोगसीला परवानगी देणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याची) मान्यता लागते. नवऱ्याला पहिल्या लग्नाचं मूल असेल तर ते लपवू नका. अर्ज करण्याआधी वकिलाशी बोला. ही गोष्ट शपथपत्रावर खोटी गेली तर पुढचं सगळंच कोसळतं.

"लग्नाला पाच वर्षं झालेली हवीत ना?" हा प्रश्न हमखास येतो. ती अट जुन्या विधेयकातली. आजच्या कायद्यात नाही.

> तपासा: जोडप्याचं वय मोजतात ते पात्रता प्रमाणपत्र मिळण्याच्या दिवशी. अर्जाच्या दिवशी नाही. बायकोचं 49 चालू असेल तर "दिवाळीनंतर बघू" म्हणू नका.

ज्यांची भ्रूणं 25 जानेवारी 2022 च्या आधीच तयार करून गोठवलेली आहेत, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिलासा दिला आहे: वयाची ही मर्यादा त्यांना मागे जाऊन लावायची नाही. तुमचं प्रकरण असं असेल तर त्या वेळचे क्लिनिकचे तारीख असलेले कागद आत्ताच काढून घ्या.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी एकच ओळ: भारतीय पासपोर्ट असेल तर एक रस्ता, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असेल तर दुसरा. भारतीय वंशाच्या जोडप्याला राष्ट्रीय सरोगसी मंडळाचं शिफारस प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. आणि बाळाला तुमच्या देशाचं नागरिकत्व कसं मिळेल ते तिथल्या वकिलातीला गर्भ राहण्याआधी विचारा, नंतर नाही.

## 2. डॉक्टरी कारण कागदावर आणा

"मूल होत नाही" हे कारण पुरत नाही. नियमांत कारणं ठरलेली आहेत: गर्भपिशवी नसणं, काढलेली असणं किंवा तिच्यात दोष असणं (खूप लहान पिशवी, आतून चिकटलेली पिशवी, अस्तर पातळ असणं), आयव्हीएफ किंवा इक्सीचे (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत फलन करण्याचे) बरेच प्रयत्न करूनही गर्भ न राहणं, कारण न सापडता पुन्हा पुन्हा गर्भपात होणं, किंवा असा आजार, ज्यात गर्भ पूर्ण दिवस वाढवता येत नाही किंवा गरोदरपण जिवावर बेतू शकतं.

यातल्या एका कारणात तुम्ही कुठे बसता ते दाखवणारी फाईल बनवा. आयव्हीएफच्या प्रत्येक चक्राची समरी, तारखेसह. सोनोग्राफी, हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भपिशवीची आतून तपासणी), एमआरआय यांचे मूळ रिपोर्ट. गर्भपिशवी काढली असेल तर ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट. लोक पाच डॉक्टर बदलतात आणि पहिल्या चौघांचे कागद मागायला लाजतात. लाजू नका, ते कागद तुमचे आहेत. फाईलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने एक तारीखवार यादी लिहा: कुठे, केव्हा, काय केलं, काय निघालं. मंडळावरचे डॉक्टर ती यादी आधी वाचतात.

क्लिनिक निवडताना ध्यानात ठेवा की आयव्हीएफची नोंदणी वेगळी आणि सरोगसीची वेगळी. नुसतं आयव्हीएफ करणाऱ्या क्लिनिकला सरोगसी करता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे आणि ते तीन वर्षांपुरतं असतं. भिंतीजवळ जा, चष्मा लावा, तारीख वाचा.

## 3. बीज कोणाचं?

2023 च्या बदलाने स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत असं झालं होतं. गर्भपिशवी आणि स्त्रीबीज दोन्ही नसलेल्या बायकांची त्याने पूर्ण कोंडी झाली. प्रकरणं कोर्टात गेली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नियम सैल झाला. आता नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकाला दात्याचं बीज लागणारच असं जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलं तर चालतं. पण दोघांपैकी एकाचं तरी बीज हवंच. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला मात्र स्वतःचंच स्त्रीबीज लागतं, शुक्राणू दात्याचे.

> सावध: दात्याचं बीज लागणार असेल तर ती मागणी मंडळाकडच्या पहिल्याच अर्जात करा. नंतर आठवलं तर पुन्हा पहिल्यापासून. सरोगेट बाईचं स्वतःचं बीज कोणत्याही परिस्थितीत वापरता येत नाही.

## 4. सरोगेट: कोण होऊ शकते, आणि तिला काय द्यायचं नाही

ती विवाहित (किंवा पूर्वी विवाह झालेली), स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 वयाची हवी. आयुष्यात एकदाच. नोंदणीकृत डॉक्टरकडून शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र.

इथे दोन गफलती होतात. पहिली: तिचं वय मोजतात ते भ्रूण सोडण्याच्या दिवशी. तुमचं वय प्रमाणपत्राच्या दिवशी, तिचं भ्रूण सोडण्याच्या दिवशी. 34 वर्षं 4 महिन्यांची नणंद आज चालते. पण कागदांना सात महिने लागले, पहिला प्रयत्न फसला, तर दुसऱ्या प्रयत्नाला ती बसत नाही. शक्यतो 32 च्या आतली बाई बघा.

दुसरी: "ती सख्खी नातेवाईकच हवी." कायद्यात शब्द आहे "इच्छुक स्त्री". जवळच्या नात्याची अट विधेयकात होती, कायदा होताना निघाली. तरी पैशांचा व्यवहार नाही हे पटवायला नात्यातली बाई सोपी जाते, म्हणून बहुतेक फायलींत बहीण, जाऊ, नणंद, वहिनी किंवा मावसबहीणच दिसते. नात्याबाहेरची असेल तर ती का तयार झाली हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

आता पैसे. तिच्या उपचारांचा खर्च, नियमांत बसणारा खर्च आणि विमा, एवढंच. बाकी रोख, सोनं, शेतातला तुकडा, तिच्या मुलाची शाळेची फी, नवऱ्याला रिक्षा, यातलं काहीही "मोबदला" ठरतं; कायदा रोख आणि वस्तू असा भेद करत नाही. व्यावसायिक सरोगसी करून घेणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. "प्रेमाने दिलं" हे सिद्ध करायची वेळ येऊ देऊ नका. "सगळं मिळून पॅकेज" सांगणारा एजंट भेटला तर चहा संपवा आणि उठा.

> तपासा: संमतीपत्र तिला समजणाऱ्या भाषेत हवं, ही कायद्याचीच अट आहे. इंग्रजी छापील फॉर्मवर मराठी सही घेऊन काम भागत नाही. भ्रूण सोडेपर्यंत तिला संमती मागे घेता येते, हेही तिला आधीच सांगा. तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही विश्वासात घ्या. फाईल ऐन वेळी फिरते ती बहुतेकदा त्या घरातून.

## 5. नावं आणि जन्मतारखा

हा टप्पा कोणत्याही नियमावलीत नाही. पण सर्वांत जास्त आठवडे इथेच जातात.

गेल्या वर्षीची एक फाईल सांगते. सरोगेट म्हणजे बायकोची मावसबहीण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "सुनिता", माहेरचं आडनाव, जन्मतारीख 14 जून. आधारवर "सुनीता", सासरचं आडनाव, जन्मतारीख 1 जानेवारी, म्हणजे कुणीतरी अंदाजाने टाकलेली. रेशन कार्डावर नुसतं "सुनंदा", कारण लग्नात नाव बदललं होतं. तीन कागद, तीन बायका. त्यातल्या एकीचं वय 35 च्या आत, दुसरीचं बाहेर. चूक कोणाचीच नाही, आपल्याकडे घरोघरी हेच आहे. पण ते दुरुस्त होईपर्यंत अडीच महिने गेले.

म्हणून मंडळाकडे जाण्याआधी चौघांचे (तुम्ही दोघं, सरोगेट, तिचा नवरा) सगळे कागद एका टेबलावर पसरा:

- जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र (पत्रिका आणि फोटो नव्हे)
- घटस्फोट असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, वैधव्य असेल तर मृत्यूचा दाखला
- सरोगेटच्या मुलाचा जन्मदाखला, त्यावर आईचं नाव

स्पेलिंग, आडनाव, तारीख यांत फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा. लग्नानंतरच्या नावबदलासाठी राजपत्रातली नोंद करून ठेवा. "एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र" हा शेवटचा उपाय. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी परत पाठवतात.

## 6. जिल्हा वैद्यकीय मंडळ

मंडळात जिल्ह्याचे आरोग्य प्रमुख (आपल्याकडे साधारणपणे जिल्हा शल्य चिकित्सक) अध्यक्ष असतात. सोबत किमान दोन तज्ज्ञ: स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. सिव्हिलमध्ये जाऊन आधी एवढंच विचारा: मंडळ कधी बसतं, अर्ज कोणाच्या टेबलावर द्यायचा, किती प्रती. अर्ज दिल्यावर पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

मंडळापुढे दोघांनी जा. मूळ कागद सोबत ठेवा आणि विचारलं तेवढंच सांगा. इथून मिळतं ते वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र. कित्येकांना वाटतं, झालं काम. हा तीनपैकी पहिला कागद आहे.

## 7. न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश

दुसरा कागद: होणाऱ्या बाळाचे आईबाप कोण आणि ताबा कोणाकडे, याचा आदेश. तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयाकडून मिळतो. अर्ज जोडप्याचा आणि सरोगेटचा मिळून. जन्मानंतर हाच आदेश जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो, त्यामुळे त्यातलं एकेक अक्षर मोलाचं.

आदेश हातात पडला की कोर्टाच्या आवारातच बसून वाचा. नावातली वेलांटी चुकली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. "जुळी किंवा अधिक मुलं झाल्यास त्या सर्वांना लागू" हे वाक्य मी अर्जातच घालते. प्रमाणित प्रती किमान पाच काढा: प्राधिकारी, क्लिनिक, प्रसूतीचं रुग्णालय, जन्मनोंद, आणि एक घरी.

सरोगेटला कोर्टाची तयारी म्हणून उत्तरं पाठ करून देऊ नका. एकदा साहेबांनी विचारलं, "बाई, नऊ महिने पोटात वाढवून बाळ यांना द्यायचं, माहीत आहे ना?" तिने उत्तर द्यायच्या आधी मान वळवून जावेकडे पाहिलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि जावेला बाहेर बसायला सांगितलं. त्या दिवशी आदेश झाला नाही. पुढच्या तारखेला ती एकटीच उभी राहिली आणि म्हणाली, "माझी दोन आहेत, तिला एकही नाही. मला जमतंय तर मी करते." पाच मिनिटांत संपलं.

## 8. विमा: चौकशी सगळ्यात आधी, खरेदी सगळ्यात शेवटी

तिसरा कागद: सरोगेटच्या नावाने 36 महिन्यांचा आरोग्य विमा. त्यात गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत येते. सोबत जोडप्याचं शपथपत्र, न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं.

इथे लोक हमखास फसतात. एजंट घरगुती मेडिक्लेम विकतो. त्यात प्रसूतीला प्रतीक्षा काळ असतो, किंवा सरोगसी सरळ वगळलेली असते. ती पॉलिसी प्राधिकाऱ्यापुढे टिकत नाही, आणि टिकली तरी गरजेच्या वेळी उपयोगाची नाही. पॉलिसीच्या मजकुरात चार गोष्टी बोट ठेवून शोधा: सरोगेटचं नाव, 36 महिने, प्रसूतीपश्चात गुंतागुंत, प्रतीक्षा काळ शून्य. यातली एक जरी नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, एजंटचं तोंडी नको.

अशी पॉलिसी शोधायलाच कित्येक आठवडे लागतात, म्हणून चौकशी पहिल्या आठवड्यात. पण ती विकत घेतल्यापासून महिने मोजायला लागतात. कोर्टाचा आदेश यायच्या आधी घेतली तर अर्धं वर्ष कागदांतच जातं. आदेश आला, मग हप्ता भरा.

## 9. समुचित प्राधिकारी: तीन प्रमाणपत्रं

आता मंडळाचं प्रमाणपत्र, कोर्टाचा आदेश आणि विमा हे तीन कागद एकत्र जोडून समुचित प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो. तिथून तीन गोष्टी निघतात: आवश्यकता प्रमाणपत्र, जोडप्याचं पात्रता प्रमाणपत्र, सरोगेटचं पात्रता प्रमाणपत्र. तिन्ही हातात आल्याशिवाय क्लिनिकला काहीही सुरू करता येत नाही. "तोवर हिचं अस्तर तयार करून ठेवू" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा.

अर्जावर निर्णय 90 दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर कळवल्यापासून 30 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. त्यामुळे नकाराचं पत्र कोणत्या दिवशी मिळालं ते पाकिटासकट जपा.

## 10. भ्रूण सोडण्यापासून प्रसूतीपर्यंत

डॉक्टरी भाग थोडक्यात. बायकोला साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग स्त्रीबीज काढणं, प्रयोगशाळेत फलन. सरोगेटला दोनेक आठवडे हार्मोनच्या गोळ्या, अस्तर तयार झालं की भ्रूण सोडणं. पुढे दोन आठवड्यांच्या आत गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी.

एका वेळी एकच भ्रूण. फक्त खास परिस्थितीत तीनपर्यंत. "दोन सोडा, जुळी झाली तर एकदाच सुटलो" असा आग्रह धरू नका, जोखीम त्या बाईच्या जिवाची असते. एका सरोगेटवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न. गर्भपाताचा प्रश्न आलाच तर तिची लेखी संमती आणि प्राधिकाऱ्याची परवानगी दोन्ही लागतात. तुमची इच्छा तिथे पुरत नाही.

नऊ महिन्यांत ती कुठे राहणार, तपासणीला कोण नेणार, तिच्या स्वतःच्या मुलांकडे कोण बघणार, हे आधी बोलून ठरवा. आणि तिच्या जेवणाखाण्यावर फोनवरून पहारा देऊ नका.

## 11. रुग्णालय आणि जन्मनोंद

सातव्या महिन्यात प्रसूतीच्या रुग्णालयात जा. कोर्टाचा आदेश आणि प्रमाणपत्रांच्या प्रती वैद्यकीय नोंदी ठेवणाऱ्या विभागात द्या, पोच घ्या. नुसतं डॉक्टरला सांगून भागत नाही. जन्माचा फॉर्म रात्री दोन वाजता ड्युटीवरची सिस्टर भरते, आणि ती केसपेपरवरचं नाव आई म्हणून लिहिते. एकदा ते सरकारी नोंदीत गेलं की दुरुस्तीला महिने लागतात.

> सावध: याच भीतीने काही जण सरोगेटला बायकोच्या नावाने दाखल करतात. हे कधीही करू नका. ही बनावट नोंद आहे, आणि रक्तगट किंवा जुना आजार चुकीच्या नावावर गेला तर बाई जिवानिशी जाऊ शकते. केसपेपर तिच्याच नावाचा, जन्मनोंद तुमच्या नावाची.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर सरोगसीच्या जन्माची माहिती जैविक पालकाने देण्याची सोय कायद्यातच आहे. नोंदणी कार्यालयातल्या बाबूला ती माहीत नसेल तर आदेशाची प्रत पुढे ठेवा. बाळाचं नाव ठरलं नसेल तर त्यासाठी नोंद अडवून ठेवू नका. नाव नंतर घालता येतं, बारसं सावकाश करा.

## 12. बाळ घरी आल्यावर

नोकरी करणाऱ्या, स्वतःचं स्त्रीबीज वापरलेल्या आईला बाळ हाती आल्यापासून 12 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, जून 2024 पासून आईला 180 दिवस आणि वडिलांना 15 दिवस. सरोगेट केंद्र सरकारी नोकरीत असेल तर तिलाही 180 दिवस. रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवा, आदेशाची प्रत जोडून. खासगी कंपन्यांतल्या एचआरला हा नियम ठाऊक नसतो, तेव्हा दोन फेऱ्या धरून चाला.

क्लिनिकला नोंदी 25 वर्षं ठेवाव्या लागतात, तरी तुमचा संच घरी ठेवा. त्यातली एक प्रत स्कॅन करून सरोगेटलाही द्या. ती तिचीही कागदपत्रं आहेत.

आणि विमा. पॉलिसी एक-एक वर्षाची तुकड्यांत घेतली असेल तर 36 महिने भरेपर्यंत नूतनीकरण तुमच्याकडे आहे. बाळ रांगायला लागतं त्या गडबडीत हाच हप्ता राहतो. नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही फोनमध्ये तारीख लावून ठेवा.